‘मरून्स’चे हंगाम : शिकागो विद्यापीठाच्या फुटबॉलचा उदय, अस्त आणि पुनरागमन

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये वर्षातील सर्वोत्तम खेळाडूला ‘हाइझमन करंडक’ देण्यात येतो. हा करंडक सर्वांत प्रथम, १९३५ मध्ये, पटकावणारा खेळाडू शिकागो विद्यापीठाचा होता. मात्र, त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, २१ डिसेंबर १९३९ रोजी, याच विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाने आपला फुटबॉल संघ बंद करण्याचा निर्णय घेतला. ‘बिग टेन’ या बलाढ्य विद्यापीठ-गटाचा संस्थापक सदस्य असलेला आणि एकेकाळी देशभर दबदबा असलेला हा संघ एका ठरावासरशी इतिहासजमा झाला. विद्यापीठाने खेळ कोणासाठी खेळावा, स्वतःच्या विद्यार्थ्यांसाठी की तिकीट काढून येणाऱ्या शहरासाठी, हा अमेरिकेत आजही न सुटलेला प्रश्न या संघाच्या हंगामांमधून उलगडत जातो.

येथे फुटबॉल म्हणजे गोव्यात किंवा कोलकात्यात रंगणारा फुटबॉल नव्हे. अमेरिकी फुटबॉलमध्ये अकरा-अकरा खेळाडूंचे संघ लंबगोलाकार चेंडू मुख्यतः हातात धरून पळवतात आणि प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेतात. त्याला ‘टचडाउन’ म्हणतात. चेंडू बाळगणाऱ्या खेळाडूला त्याच्याच गोलरेषेमागे पाडले, तर प्रतिपक्षाला ‘सेफ्टी’चे दोन गुण मिळतात. शिकागोच्या इतिहासातील सर्वांत गाजलेला सामना अशाच दोन गुणांवर निकाली निघाला. हंगाम शरद ऋतूत सुरू होऊन नोव्हेंबरअखेरच्या ‘थँक्सगिव्हिंग’च्या सुमारास संपतो. त्या गुरुवारचा सामना म्हणजे वर्षाचा कळसाध्याय मानला जाई.

विद्यापीठाआधी संघ

तेलसम्राट जॉन डी. रॉकफेलर यांच्या देणगीतून उभारलेल्या शिकागो विद्यापीठाचे वर्ग १ ऑक्टोबर १८९२ रोजी सुरू झाले आणि फुटबॉलचा सरावही त्याच दिवशी सुरू झाला. विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे हिब्रू भाषेचे पंडित. येल विद्यापीठात शिकवत असताना धर्मोपदेशक होण्याच्या इच्छेने शिकणारा एक विद्यार्थी त्यांच्या वर्गात होता. अमॉस अलोन्झो स्टॅग हे त्याचे नाव. स्टॅग यांनी धर्मोपदेशकाचा मार्ग सोडून व्यायामशिक्षणाकडे मोर्चा वळवला होता. हार्पर यांनी त्यांना वर्षाला अडीच हजार डॉलर पगारावर बोलावून घेतले आणि सहयोगी प्राध्यापकाचे कायम पद दिले. खेळाच्या प्रशिक्षकाला प्राध्यापकाचा दर्जा मिळणे ही तेव्हा नवलाची बाब होती. देशभर फिरून इतर महाविद्यालयांना नमवतील असे संघ तयार करावेत, ही आपली अपेक्षा हार्पर यांनी स्टॅग यांना पत्रातून कळवली होती. नव्या विद्यापीठाचे नाव घरोघरी पोहोचवण्याचा याहून जलद उपाय त्यांना दिसत नव्हता.

पहिला हंगाम मात्र यथातथाच गेला. नव्या विद्यापीठात खेळाडू पुरेसे नव्हते. तेव्हाचे नियम आड येत नसल्याने तिशीतले स्टॅग स्वतःच मैदानात उतरले. सराव म्हणून संघ शाळांच्या पोरांशीही खेळला. महाविद्यालयीन संघांविरुद्धच्या सात सामन्यांत एक विजय, चार पराभव आणि दोन बरोबरी असा हिशेब राहिला. नॉर्थवेस्टर्नविरुद्धचा पहिला सामना तर गोलशून्य सुटला.

१८९३ मध्ये विद्यापीठाच्या आवाराला लागूनच जागतिक प्रदर्शन भरले. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंदांचे भाषण गाजले. प्रदर्शनातील करमणुकीचा भाग असलेल्या ‘मिडवे’ या लांबलचक पट्ट्यावरून संघाला पुढे ‘मॉन्स्टर्स ऑफ द मिडवे’ हे बिरुद चिकटले. त्या वर्षी संघाने सहा सामने जिंकले आणि चार गमावले. १८९४ मध्ये तर स्टॅग यांनी हंगाम संपल्यावर संघ रेल्वेत घातला आणि थेट कॅलिफोर्निया गाठले. नाताळच्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी स्टॅनफर्डला २४-४ असे हरवले. सुमारे सहा हजार मैलांचा हा दौरा म्हणजे महाविद्यालयीन खेळाच्या धंद्याची पहिली मोठी पेरणीच म्हणावी लागेल. विद्यापीठाचे नाव पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत गेले ते ग्रंथालयामुळे नव्हे.

‘पश्चिमे’चा दरारा

१८९६ मध्ये शिकागो, मिशिगन, मिनेसोटा, विस्कॉन्सिन, इलिनॉय, नॉर्थवेस्टर्न आणि पर्ड्यू या सात विद्यापीठांनी एकत्र येऊन ‘वेस्टर्न कॉन्फरन्स’ स्थापन केली. हीच पुढची ‘बिग टेन’. खेळाडू खरोखरच विद्यार्थी असावा, पैसे घेऊन खेळणारा भाडोत्री नसावा, हा या संघटनेमागचा मूळ हेतू. त्याच वर्षी थँक्सगिव्हिंगला शिकागोच्या ‘कॉलिसियम’ सभागृहात, छताखाली आणि विजेच्या दिव्यांत, शिकागोने मिशिगनला ७-६ असे निसटते हरवले. क्लॅरन्स हर्शबर्गर याची किक त्यात निर्णायक ठरली.

१८९७ च्या हंगामात संघाने एकच सामना गमावला. १८९८ च्या थँक्सगिव्हिंगला मात्र मिशिगनने शिकागोत येऊन १२-११ असा विजय मिळवला. त्या विजयाने भारावलेल्या लुई एल्बेल या मिशिगनच्या विद्यार्थ्याने ‘द व्हिक्टर्स’ हे गीत रचले. मिशिगनमध्ये ते अजूनही गायले जाते. ते शिकागोच्या पराभवाचे गीत आहे, हे गाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, हा भाग वेगळा! १८९९ मध्ये स्टॅग यांच्या संघाने संपूर्ण हंगामात एकही पराभव न पत्करता गटाचे पहिले विजेतेपद मिळवले.

१९०० चा हंगाम साधारण गेला, १९०१ चा वाईट. त्या वर्षी गटात शिकागोला एकही विजय मिळाला नाही. दरम्यान, मिशिगनला फील्डिंग योस्ट हे नवे प्रशिक्षक लाभले होते. त्यांच्या संघाचा गुणांचा वेग पाहून वृत्तपत्रे त्याला ‘मिनिटाला एक गुण’ म्हणू लागली. १९०१ मध्ये २२-०, १९०२ मध्ये २१-०, १९०३ मध्ये २८-० आणि १९०४ मध्ये २२-१२ असे सलग चार पराभव मिशिगनने शिकागोच्या पदरी टाकले. १९०२ मधील शिकागोचा तो एकमेव पराभव होता आणि १९०४ मध्येही दुसरा पराभव झाला नाही. संघ चांगला होता, पण मिशिगन सरस होते.

दोन गुणांचा सामना

३० नोव्हेंबर १९०५. शिकागोच्या ‘मार्शल फील्ड’ मैदानावर पंचवीस हजारांहून अधिक प्रेक्षक जमले होते. १९०१ पासून ५६ सामने अपराजित असलेल्या मिशिगनने त्या हंगामात ४९५ गुण केले होते आणि त्यांच्यावर एकही गुण झालेला नव्हता. शिकागोही हंगामात अपराजित होता. त्यांचा आधारस्तंभ होता वॉल्टर एकरसॉल हा चणीने लहान, पण विलक्षण किक मारणारा खेळाडू. कडाक्याच्या थंडीत दोन्ही संघांनी एकमेकांना रोखून धरले. उत्तरार्धात एकरसॉलने दूरवर मारलेला चेंडू मिशिगनच्या डेनी क्लार्कने स्वतःच्या गोलरेषेमागे झेलला. चेंडू तेथेच खाली टेकवला असता, तर काहीच बिघडले नसते. पण क्लार्क तो घेऊन धावत रेषेपुढे आला. शिकागोच्या खेळाडूंनी त्याला गाठून पुन्हा रेषेमागे रेटत नेले आणि तेथेच पाडले. सेफ्टी! शिकागो २, मिशिगन ०. योस्ट यांची अपराजित मालिका खंडित झाली आणि शिकागोने संपूर्ण हंगाम निर्विवाद जिंकला.

हा सामना जिंकला त्याच महिन्यात ‘कोलियर्स’ या साप्ताहिकात महाविद्यालयीन फुटबॉलमधील गैरप्रकारांवर लेखमाला प्रसिद्ध झाली आणि तीत शिकागोचेही नाव होते. प्रवेशाच्या अटी पुऱ्या न करणाऱ्या खेळाडूंना कसे सामावून घेतले जाते, याचे दाखले त्यात होते. त्यांत खुद्द एकरसॉलचाही समावेश होता. पुढे हा खेळाडू पदवी न घेताच विद्यापीठाबाहेर पडला आणि क्रीडा पत्रकार म्हणून नावाजला. शिवाय देशभर मैदानावरील मृत्यूंचे प्रमाण इतके वाढले होते, की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी प्रमुख विद्यापीठांच्या प्रतिनिधींना त्या वर्षीच पाचारण केले होते. जानेवारी १९०६ मध्ये हार्पर यांचे निधन झाले. ज्यांच्या पाठबळावर स्टॅग यांचा विभाग स्वतंत्र संस्थानासारखा चाले, ते गेले होते.

१९०६ पासून चेंडू हाताने पुढे फेकण्यास, म्हणजे ‘फॉरवर्ड पास’ला, नियमांनी मान्यता दिली. गटाने हंगाम पाच सामन्यांवर आणला. खेळाडूला तीनच वर्षे खेळता येईल आणि पहिल्या वर्षातील विद्यार्थ्याला संघात घेता येणार नाही, असेही ठरले. हे निर्बंध न मानवल्याने मिशिगन काही काळ गटाबाहेर पडले. स्टॅग मात्र बदललेल्या खेळात रमले. नव्या नियमांच्या पहिल्याच वर्षी त्यांच्या संघाने इलिनॉयचा ६३-० असा फडशा पाडला. एकमेव पराभव मिनेसोटाकडून झाला, तोही ४-२ असा. १९०७ आणि १९०८ मध्ये गटाचे विजेतेपद शिकागोकडेच राहिले. १९०७ च्या अखेरीस मात्र कार्लाइल येथील अमेरिकी आदिवासींच्या शाळेच्या संघाने या विजेत्यांना १८-४ असे हरवले. १९१० मध्ये सातपैकी पाच सामने गमावले, पण १९११ आणि १९१२ मध्ये प्रत्येकी एकच पराभव झाला. १९१३ मध्ये सातही सामने जिंकून संघ पुन्हा विजेता ठरला. त्याच सुमारास मैदानाला स्टॅग यांचे नाव देण्यात आले. माणूस हयात असताना!

भरलेले मैदान, रिकामा संघ

पहिल्या महायुद्धाच्या काळातील हंगामांविषयी फार सांगण्यासारखे नाही. १९१६ मध्ये तीन विजय आणि चार पराभव, तर १९१८ मध्ये गटात एकही विजय नाही. १९१९ पासून पुन्हा बरे दिवस आले. १९२१ मध्ये शिकागोने पूर्वेकडील मातब्बर प्रिन्स्टनला त्यांच्याच मैदानावर ९-० असे हरवले. पुढच्या वर्षीच्या परतीच्या सामन्यात शिकागो १८-७ असा आघाडीवर होता, तरी तो २१-१८ असा गमावला. या सामन्याचे धावते वर्णन टेलिफोनच्या तारांवरून न्यूयॉर्कला पोहोचवून तेथील रेडिओवरून प्रसारित करण्यात आले. १९२३ मध्ये आठपैकी सात विजय मिळाले.

१९२४ मध्ये इलिनॉयचा रेड ग्रेंज हा देशाचा लाडका खेळाडू होता. मिशिगनविरुद्ध त्याने बारा मिनिटांत चार टचडाउन केले होते. स्टॅग यांनी त्याच्यावर साधाच उपाय शोधला. चेंडू आपल्याच ताब्यात ठेवायचा, चार-पाच यार्डांची चाल करत राहायचे आणि ग्रेंजच्या हाती तो लागूच द्यायचा नाही. तरीही ग्रेंजने तीन टचडाउन केले आणि सामना २१-२१ असा बरोबरीत सुटला. त्या वर्षी तीन विजय आणि तीन बरोबरींच्या बळावर शिकागो गटविजेता ठरला. त्यानंतर हे विजेतेपद विद्यापीठाला कधीच मिळाले नाही.

घसरण लगेच सुरू झाली. १९२५ मध्ये तीन विजय, चार पराभव. १९२६ मध्ये दोन विजय, सहा पराभव. १९२८ मध्ये दोन विजय, सात पराभव. १९२९ मध्ये सात विजयांनी जरा आशा पालवली, तोच १९३० मध्ये गटात पुन्हा शून्य. याचे खापर केवळ म्हाताऱ्या होत चाललेल्या स्टॅग यांच्यावर फोडणे योग्य होणार नाही. गटातील सरकारी विद्यापीठांची विद्यार्थिसंख्या झपाट्याने वाढत होती आणि शारीरिक शिक्षणाची पदवी तेथे मिळू लागली होती. खेळाडूंना ती सोयीची होती. शिकागोत तशी पदवी नव्हती. तेथील भर उत्तरोत्तर पदव्युत्तर अभ्यास आणि संशोधनावर पडत गेला. शिवाय शहरातील प्रेक्षकांना ‘शिकागो बेअर्स’ हा व्यावसायिक संघ मिळाला होता. पन्नास हजार प्रेक्षक मावतील एवढे स्टॅग फील्ड वाढवले गेले, ते नेमके संघ उतरणीला लागलेला असताना.

१९२९ मध्ये अवघ्या तिशीतले रॉबर्ट मेनार्ड हचिन्स विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. १९३२ चा हंगाम संपल्यावर त्यांनी सत्तरी गाठलेल्या स्टॅग यांना वयोमर्यादेच्या नियमावर बोट ठेवून निवृत्त केले. ४१ हंगाम एकाच संघाला वाहिलेले स्टॅग घरी बसले नाहीत. कॅलिफोर्नियातील ‘कॉलेज ऑफ द पॅसिफिक’ने त्यांना प्रशिक्षक नेमले आणि १९४३ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, ते देशातील वर्षाचे सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. वयाची शंभरी पार करून १९६५ मध्ये त्यांचे निधन झाले.

एकट्या बरवँगरची फौज

स्टॅग यांच्या जागी क्लार्क शॉनेसी आले. १९३३ मध्ये तीन विजय, तीन पराभव, दोन बरोबरी. १९३४ आणि १९३५ मध्ये प्रत्येकी चार विजय, चार पराभव. या मध्यम कामगिरीतही झळाळून उठला तो आयोवा राज्यातील डुब्यूक गावचा जे बरवँगर. धावणे, फेकणे, किक मारणे आणि प्रतिस्पर्ध्याला पाडणे ही सारी कामे तो एकटाच करी. १९३४ च्या सामन्यात त्याला पाडताना मिशिगनच्या एका खेळाडूच्या डोळ्याखाली जखम झाली आणि तिचा व्रण कायम राहिला. तो खेळाडू म्हणजे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्ड.

१९३५ मध्ये इलिनॉयविरुद्धचा ७-६ हा विजय बरवँगरचा अखेरचा सामना ठरला. न्यूयॉर्कच्या ‘डाउनटाउन अॅथलेटिक क्लब’ने सुरू केलेला करंडक त्याला मिळाला. पुढच्याच वर्षी या करंडकाला जॉन हाइझमन यांचे नाव देण्यात आले. १९३६ मध्ये व्यावसायिक संघांनी पहिल्यांदा खेळाडूंची निवड-फेरी घेतली, तेव्हा पहिले नाव बरवँगरचेच पुकारले गेले. पण पैशांचे जमले नाही आणि तो व्यावसायिक फुटबॉल कधीच खेळला नाही. त्याने कारखानदारीत बस्तान बसवले.

तो गेला आणि संघ कोसळला. १९३६ मध्ये दोन विजय, १९३७ मध्ये एक, १९३८ मध्ये एक. १९३८ मध्ये स्टॅग आपला पॅसिफिकचा संघ घेऊन स्वतःचेच नाव असलेल्या मैदानावर आले आणि शिकागोला ३२-० असे हरवून गेले.

१९३९ च्या हंगामाची सुरुवातच बेलॉइट या छोट्या महाविद्यालयाकडून झालेल्या ६-० अशा पराभवाने झाली. वाबॅशविरुद्ध १२-२ असा विजय मिळाला. त्यानंतर हार्वर्डकडून ६१-०, मिशिगनकडून ८५-०, व्हर्जिनियाकडून ४७-० आणि ओहायो स्टेटकडून ६१-०. ओबर्लिनला २५-० असे हरवून थोडा धीर आला, पण इलिनॉयने अखेरच्या सामन्यात ४६-० असा शेवट केला. आठ सामन्यांत शिकागोचे गुण ३७, प्रतिस्पर्ध्यांचे ३०८. मिशिगनचे प्रशिक्षक तेव्हा फ्रिट्झ क्रिस्लर होते. स्टॅग यांच्याच हाताखाली शिकागोकडून खेळलेला हा शिष्य. गुरूच्या मैदानावर ८५ गुण चढवताना त्यांना काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

हचिन्स यांना फुटबॉलचे प्रेम नव्हते, हे जगजाहीर होते. तरीही निर्णयामागील त्यांची भूमिका पराभवाच्या त्राग्याची नव्हती. तिकीटविक्रीच्या मागे लागलेले विद्यापीठ खेळाडूंना शिक्षणापासून दूर नेते आणि जनतेच्या मनात विद्यापीठाच्या कार्याविषयी गैरसमज पसरवते, असे ते आधीपासून मांडत होते. जिंकायचे तर खेळाडू ‘आणावे’ लागणार, आणि ते करायचे नसेल तर ८५-० सोसावे लागणार. तिसरा मार्ग त्यांना दिसत नव्हता. याच हचिन्स यांच्या कारकिर्दीत, १९३७ मध्ये, सुब्रह्मण्यन चंद्रशेखर हे तरुण भारतीय खगोलशास्त्रज्ञ शिकागो विद्यापीठात रुजू झाले. विद्यापीठाने आपली प्रतिष्ठा कोठे शोधायची ठरवली होती, ते यावरून दिसते.

तरीही खेळाडूंच्या बाजूने एक गोष्ट नोंदवायला हवी. १९३९ मध्ये मैदानात उतरलेले तरुण खरेखुरे विद्यार्थी होते. १८९६ मध्ये सात विद्यापीठांनी एकत्र येताना ज्या खेळाडूची कल्पना केली होती, तो हाच. गटातील अन्य कोणत्याही विद्यापीठाने शिकागोचे अनुकरण केले नाही. शॉनेसी स्टॅनफर्डला गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांचा संघ अपराजित राहून ‘रोझ बाउल’ जिंकला. १९४६ मध्ये शिकागोने अन्य खेळांतूनही अंग काढून घेत गट सोडला. ‘मॉन्स्टर्स ऑफ द मिडवे’ हे बिरुद बेअर्सने उचलले.

मैदानाखालची भट्टी

रिकाम्या पडलेल्या स्टॅग फील्डच्या पश्चिमेकडील प्रेक्षागाराखाली स्क्वॅशचे एक बंदिस्त कोर्ट होते. २ डिसेंबर १९४२ रोजी तेथे एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रॅफाइट व युरेनियम रचून उभारलेल्या अणुभट्टीत मानवनिर्मित, नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया जगात प्रथमच घडवून आणली. ते प्रेक्षागार १९५७ मध्ये पाडण्यात आले. आता त्या परिसरात हेन्री मूर यांचे ‘न्यूक्लिअर एनर्जी’ हे शिल्प आणि विद्यापीठाचे रेगनस्टाइन ग्रंथालय आहे.

फुटबॉल परतला तो चोरपावलांनी. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात क्रीडा संचालक वॉल्टर हॅस यांनी फुटबॉलचा ‘वर्ग’ सुरू केला. हा वर्ग इतर महाविद्यालयांशी सरावाचे सामने खेळू लागला. जुने दिवस पुन्हा येणार, या धास्तीने १९६३ मध्ये विद्यार्थ्यांनी अशाच एका सामन्याच्या वेळी मैदानात ठाण मांडले होते. अखेर १९६९ मध्ये विद्यापीठाचा अधिकृत संघ पुन्हा उभा राहिला. १९७३ पासून तो राष्ट्रीय संघटनेच्या तिसऱ्या श्रेणीत खेळतो. या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देण्यास मनाई आहे. १९८० च्या दशकात समविचारी संशोधन-विद्यापीठांच्या ‘युनिव्हर्सिटी अॅथलेटिक असोसिएशन’मध्ये शिकागो सामील झाले. १९९४ ते २०१२ या काळात डिक मलोनी यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने या गटाची विजेतेपदेही मिळवली. २०१७ पासून फुटबॉलपुरता हा संघ ‘मिडवेस्ट कॉन्फरन्स’मध्ये खेळू लागला.

सामने जेथे होतात, ते नवे स्टॅग फील्ड जुन्या जागेपासून थोड्याच अंतरावर आहे. तेथे जेमतेम दीड-दोन हजार प्रेक्षक बसू शकतात. जुन्या मैदानाचे एक प्रवेशद्वार उचलून येथे बसवण्यात आले आहे. बरवँगरचा करंडक विद्यापीठाच्या रॅटनर क्रीडा केंद्रात मांडलेला आहे.